टाकून द्या म्हणे!

माणसानं घर बदलायचं ठरवलं, की त्याच्या घरी जी मंडळी पायधूळ झाडायला येऊ लागतात, त्यांच्यापैकी एकही जण खोकं बांधायला म्हणून येत नाही. सगळे येतात ते सल्ला द्यायला. आणि गंमत अशी, की सगळ्यांचा सल्ला एकच. सांगायची तऱ्हा तेवढी ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळी. कोणी प्रेमानं सांगतं, कोणी दमात घेऊन सांगतं, कोणी मोबाईलवर कसलीशी चित्रफीत लावून आपल्या नाकासमोर धरतं. सल्ला दोन शब्दांचा. टाकून द्या!

"वहिनी, माझं ऐका. अर्धं सामान इथंच टाकून द्या. नव्या जागी कसं मोकळं मोकळं वाटेल."

हे सांगणाऱ्या आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू. त्यांनी वीस वर्षांपूर्वी नेलेली सांडशी आमच्याकडे अजून परत आलेली नाही. म्हणजे आम्हांला मोकळं करण्याचं कार्य त्यांनी केव्हाच हाती घेतलं होतं म्हणायचं.

आमची चाळ गिरगावातली, १९४० च्याही आधीची. तिसरा मजला, दोन खोल्या, सामाईक गॅलरी आणि पायऱ्या मधोमध झिजून ज्यांचे पाळणे झाले आहेत असा लाकडी जिना. मी १९७७ साली लग्न होऊन या जिन्यानं वर आले, ती अजून उतरायची आहे. आता चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहणार. तोवर बिल्डर भाडं देणार आणि आम्ही दहिसरला जाऊन राहायचं. तीन वर्षांत ताबा, असं म्हणतात. तीन वर्षं म्हणजे नेमकी किती, हे विचारायचं नसतं. लग्नात "पाच मिनिटांत पंगत बसतेय" असं सांगतात ना, त्यातली पाच मिनिटं ज्या वाणाची, त्याच वाणाची ही तीन वर्षं.

माझ्या लहानपणीही लोक बिऱ्हाडं बदलत. एक हातगाडी यायची. ट्रंका, वळकट्या, गोणपाटात बांधलेली भांडी, आणि सगळ्यात वर शिवणाचं यंत्र. तेव्हाही सल्ला देणारे होतेच. तो व्यवसाय काही आजचा नाही. पण ते सांगायचे ते उपयोगाचं असायचं. आरसा गादीत गुंडाळा. लोणच्याची बरणी मांडीवर घ्या. नव्या घरात आधी देव, भरलेला तांब्या आणि मीठ न्या, बाकीचं मागून. "टाकून द्या" असं कोणी म्हणत नसे. टाकण्याजोगं कोणाकडे काही होतंच कुठं म्हणा!

आता या टाकू पंथाला शास्त्राचा आधार मिळाला आहे, आणि आमचे चिरंजीव त्या शास्त्रात पारंगत आहेत. ते राहतात ठाण्याला. महिन्यापूर्वी एका रविवारी बाह्या सरसावून आले आणि खोलीच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "आई, नियम साधा आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, ही गेल्या वर्षभरात वापरली का? नाही? टाकून द्यायची."

मी पोटमाळ्याकडे बोट केलं. "तो गंगेचा गडू आहे ना वर, तांब्याचा, तोंडाला डाख दिलेला? तुझ्या आजीनं काशीहून आणलेला. तो गेल्या वर्षभरात आम्ही वापरला नाही. मी किंवा तुझ्या बाबांनी तो वापरावा अशी तुझी इच्छा असेल, तर तसं सांग."

चिरंजीव गप्प बसले. पण पंथ गप्प बसत नाही.

माझं या वर्षाच्या नियमाशी उघड भांडण आहे. वापर म्हणजे काय, हेच या लोकांना ठाऊक नाही. पुरणयंत्र होळीला लागतं, चकलीचा सोऱ्या दिवाळीला, गणपतीचं मखर भाद्रपदात. म्हणजे घर श्रावणात बदललं तर मखर वाचणार आणि सोऱ्या गोत्यात, अशातला प्रकार. अत्तरदाणी-गुलाबदाणी घरात कार्य निघालं तर. जादा आठ गाद्या कोणी वारलं किंवा कोणाचं लग्न ठरलं तर. आणि शेगडी? तुम्ही म्हणाल, आज शेगडी कोण वापरतं. करोनात गॅसवाला चार दिवस उशिरा आला, तेव्हा याच सल्लागार काकू गॅलरीत येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुमच्याकडे ती जुनी शेगडी आहे ना हो?" होती. माझ्याकडे असतेच. टाकू पंथाचे लोक दिवस काढतात ते न टाकणाऱ्या शेजाऱ्यांच्या जिवावर.

पण शेगडी, सोऱ्या ही झाली किरकोळ माणसं. खरी गोष्ट पुढंच आहे.

आमचे मामंजी दर महिन्याला घरभाडं भरून आले, की पावती एका तारेत ओवून ठेवायचे. जाड तार, वर आकडा, खाली लाकडाची चकती. पहिली पावती १९५८ ची. भाडं २७ रुपये. १९९१ साली मामंजी गेले. भाडेपावती आमच्या ह्यांच्या नावावर झाली आणि तार ह्यांच्या हातात आली. हे मुळातच आळशी. फाईल करायला हवी, असं म्हणत म्हणत ह्यांनी वडिलांचीच तार पुढं चालवली. तार भरली की दुसरी. अशा तीन तारा पोटमाळ्यावर खिळ्याला उलट्या वटवाघळांसारख्या लटकत होत्या. धूळ म्हणजे इतकी, की पावत्या आहेत की जळमटं, हे सांगता येऊ नये.

त्या रविवारी चिरंजीवांनी या तिन्ही तारा खाली काढल्या, खोकले आणि नियमाप्रमाणे विचारलं, "ह्या गेल्या वर्षभरात वापरल्या?" मी मोरीत होते. हे वर्तमानपत्रात होते. हे "हूं" म्हणाले. ह्यांच्या "हूं"चा अर्थ मला ४८ वर्षांत लागलेला नाही, चिरंजीवांना मात्र तत्काळ लागला. तारा रद्दीच्या ढिगात गेल्या.

रद्दीवाला आला. त्यानं वर्तमानपत्रं घेतली, दिवाळी अंक घेतले, चिरंजीवांची बारावीची गाईडं घेतली. तारा मात्र त्यानं दोन बोटांनी उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. "ये नहीं चलेगा साब. इसमें तार है."

त्यानंतर चौथ्या दिवशी बिल्डरच्या कचेरीतून एक तरुण मुलगा आला. गळ्यात पट्टा, हातात यादी. फार नम्र. "आजोबा, तुमच्या खोलीचा १९९६ सालचा पुरावा लागेल." नियम असा आहे, की उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर जे नवे भाडेकरू झाले, ते हिशेबात धरत नाहीत. म्हणजे आपण त्या तारखेच्या आधीपासून इथं होतो, हे आपणच दाखवायचं. मी त्या मुलाकडे पाहिलं. १३ जून १९९६ ला हा स्वतः तरी कुठं होता, ते विचारावंसं वाटलं. पण म्हटलं, जाऊ दे, पोर आहे.

ह्यांनी तिसरी तार घेतली, आकडा सरळ केला आणि पावत्या एकेक करून उतरवायला लागले. जुलै, जून, मे, एप्रिल. मे १९९६ ची पावती मधोमध भोक पडलेली, पण बाकी ठणठणीत. मालकाची सही, ह्यांचं नाव, खोलीचा नंबर. त्या मुलानं तिचा फोटो काढला. गिरगावातल्या घरावरचा आमचा हक्क एका भोक पडलेल्या कागदावर उभा होता, आणि तो कागद वाचला होता तो आमच्या शहाणपणामुळं नव्हे, तर रद्दीवाल्याला तार नको होती म्हणून.

हा प्रसंग मी चिरंजीवांना फोनवर रंगवून सांगितला. तो थोडा वरमला असेल, अशी माझी अपेक्षा. तो म्हणाला, "अगं, कागदपत्रांचं ठीक आहे. ती आपण स्कॅन करून ठेवू. मग तार टाकून दे."

आता या पंथाच्या दुसऱ्या शाखेकडे येते. ती आमच्या सूनबाईंची. मुलगी गुणाची आहे, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तिचा वर्षाच्या नियमावर विश्वास नाही. तिचं दैवत मारी कोन्डो नावाच्या जपानी बाई. त्यांचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि निम्म्या जगाची कपाटं रिकामी झाली. या बाईंचं म्हणणं, वस्तू हातात घ्यायची आणि पाहायचं, आनंदाची लहर उठते का? उठली तर ठेवा. नाही उठली तर तिचे आभार माना आणि निरोप द्या.

आभार मानायचे, हे मला आवडलं. आपल्याकडेही घर सोडताना वास्तूला नमस्कार करतात. पण आनंदाची लहर? गॅसचा कागद हातात घेऊन कोणाला आनंदाची लहर आली आहे? आम्हांला गॅस मिळाला १९८३ साली, नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर. तेव्हा अनामत रकमेचा जो कागद दिला, तो मी पिठाच्या डब्याखालच्या ट्रंकेत ठेवला. परवा दहिसरला गॅस बदलून घ्यायचा, तर एजन्सीतल्या माणसानं पहिल्यांदा काय मागितलं असेल? तोच कागद. नसला तर प्रतिज्ञापत्र करा, स्टँप आणा, खेटे घाला. मी पर्समधून कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. त्याला आनंदाची लहर आल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

उलट उदाहरणही सांगते. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन घेतलं, की बसवायला येणारा माणूस मागचे तीन-चार लांब बोल्ट काढून आपल्या हातात देतो आणि बजावतो, जपून ठेवा. मशीन हलवायची वेळ आली तर आतला ड्रम आपटू नये म्हणून ते पुन्हा लावावे लागतात. मी ते बोर्नव्हिटाच्या डब्यात जपले होते. मागच्या दिवाळीत साफसफाईत सूनबाईंनी डबा उघडला, बोल्टांचे आभार मानले आणि त्यांना निरोप दिला. आता सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस पाहणी करायला आला, त्यानं मशीनच्या मागं वाकून पाहिलं आणि विचारलं, "माताजी, इसके बोल्ट?" आम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. मशीन आता आत जुने टॉवेल कोंबून, बाळंतिणीसारखं गुंडाळून दहिसरला जाणार आहे. जुने टॉवेलसुद्धा कोणाकडे निघाले, हे सांगायला नको.

आणि एक सांगते. त्या जपानी बाईंना तीन मुलं झाली आणि २०२३ साली त्यांनी स्वतःच कबूल केलं, की घर टापटीप ठेवण्याचा नाद आता मी बराचसा सोडला आहे. मी हे सूनबाईंना वाचून दाखवलं. "तेवढ्यासाठी त्यांना तिसऱ्या मुलापर्यंत थांबावं लागलं," मी म्हटलं. सूनबाई हसल्या. हसल्या, पण माझ्या हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्यांवरची नजर काही हलली नाही.

इतक्या दिवसांच्या निरीक्षणानंतर टाकू पंथाचं एक गुपित मला कळलं आहे. टाकायची वस्तू नेहमी दुसऱ्याची असते. काकूंनी स्वतःची एक वाटी टाकलेली मी पाहिलेली नाही. चिरंजीवांकडे ठाण्याला एक अख्खं कपाट आहे, त्यात वायरी आहेत. काळ्या, पांढऱ्या, गुंडाळलेल्या, सुटलेल्या. ज्या यंत्रांच्या त्या होत्या, ती यंत्रं कधीच निजधामाला गेली. शिवाय मोबाईलची रिकामी खोकी. मी एकदा सहज म्हटलं, "ह्या गेल्या वर्षभरात..." तर म्हणाला, "आई, हात लावू नकोस. लागतं कधी कधी." अगदी माझंच वाक्य! चाळीस वर्षं मी दुसरं काय म्हणते आहे? फरक इतकाच, की त्यानं म्हटलं की ते तंत्रज्ञान आणि मी म्हटलं की तो म्हातारपणाचा हव्यास.

"पण नव्या घरात ठेवणार कुठं?" हा त्यांचा शेवटचा बाण. तो तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती माणसं ५०० चौरस फुटांत गेली. त्या १६० फुटांत आठ-आठ, दहा-दहा माणसं राहिली, पोरं शिकली, गावाहून आलेला पाहुणा तिथंच झोपला, बाळंतपणं झाली. आमच्या दोन खोल्यांतही काय मावत नव्हतं? आणि आता जागा वाढली की म्हणे सामान मावत नाही! याचं कारण जागा नाही. याचं कारण पोटमाळा. हल्ली घरं बांधतात त्यांत पोटमाळा नसतो. आमच्या नव्या फ्लॅटचा नकाशा मी चष्मा लावून दोनदा पाहिला. त्यात सज्जा आहे, कुंड्या ठेवायची जागा आहे, पादत्राणांसाठी कोनाडा आहे. माळा नाही. विचारलं तर तो नम्र मुलगा म्हणाला, "आजी, लुक जातो." ज्या घरात काही लपवायला जागा नाही, त्या घरात राहायचं तरी कसं?

मी काहीच टाकत नाही असा कोणाचा समज होईल, म्हणून सांगते. या महिन्याभरात मी सात छत्र्यांचे सांगाडे टाकले. एक पाय तुटलेला चौरंग टाकला, दोन डालड्याचे डबे टाकले, ह्यांचा रेडिओ टाकला (हे अजून शोधताहेत). पाटा-वरवंटा खाली वॉचमनच्या बायकोला दिला, तिनं लगेच त्यावर चटणी वाटून मला आणून दिली. फ्रीज आदल्या रात्री बंद करून ठेवायचा, उभाच न्यायचा आणि नेल्यावर काही तास लावायचा नाही, हे मला माहीत आहे. खोक्यावर काय भरलं ते वर न लिहिता बाजूला लिहायचं, म्हणजे थप्पी लागली तरी वाचता येतं, हेही. मी अडाणी नाही. मी फक्त घाई करत नाही.

कारण घाईत सोडलेलं घर मी पाहिलं आहे. माझं माहेर पुण्याचं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पाणी आलं, पाणी आलं, असं ओरडत लोक धावत सुटले. आईनं धाकट्या भावाला काखेत घेतलं, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. ती स्वयंपाकात होती. पर्वतीच्या बाजूला उंचावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या दुसऱ्या हातात लाटणं आहे. देव राहिले, दागिने राहिले, लाटणं आलं. पुढं आयुष्यभर वडील तिला त्यावरून चिडवायचे, की दुसरीकडे जाऊन पोळ्या कोणाच्या लाटणार होतीस? आईही हसायची. पण आमच्या घरात १९६१ च्या आधीचं असं दुसरं काहीही उरलं नाही. माझ्या आजीचा फोटो नाही. आईच्या लग्नाची पत्रिका नाही. आजी दिसायला कशी होती, हे मला आईच्या शब्दांवर मानून घ्यावं लागलं. मोकळं मोकळं घर म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. चिखल काढल्यावर आमचं घर अगदी मोकळं झालं होतं.

ते लाटणं माझ्याकडे आहे. मधे चीर गेली आहे, पोळी लाटली तर कणीक चिरेत भरते. गेल्या वर्षभरात वापरलेलं नाही.

तरीसुद्धा मी एकदा डळमळले, हे कबूल करते. माणूस किती दिवस भांडणार? सासूबाईंचं एक पितळेचं पातेलं होतं. मोठं, जाड, कल्हई गेलेलं, एका बाजूला चेपलेलं. गॅसवर बसत नाही, वॉशिंग मशीनइतकी जागा खातं. सगळ्यांनी इतकं म्हटलं, की म्हटलं, चला, हे मोडीत देऊन टाकू. सूनबाई बरोबर आल्या. भांड्यांच्या दुकानात वजनकाट्याशेजारी मोडीचा हा ढीग पडला होता. परातीवर कळशी, कळशीवर तांबे. दुकानदारानं पातेलं काट्यावर ठेवलं, भाव सांगितला. सूनबाई भाव ऐकत होत्या, असं मला वाटलं. त्या वाकून पातेल्याच्या काठावर काहीतरी वाचत होत्या.

टाक्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. सासूबाईंचं, सौ. सकट. खाली मिती आणि साल १९४९. डोहाळजेवणाला माहेरून आलेलं.

"आई, आजींचं नाव हे होतं?"

मी म्हटलं, "हो. तुला माहीत नव्हतं?"

"कसं असणार? तुम्ही सासूबाई म्हणता, बाबा आई म्हणतात, हा आजी म्हणतो."

मी घरातले सगळे कागद मनातल्या मनात चाळले. भाडेपावत्या मामंजींच्या, मग ह्यांच्या. लाइटचं बिल मामंजींचं. गॅस ह्यांचा. रेशनकार्डावर सासूबाई होत्या, पण त्या गेल्यावर कचेरीत नावावर तांबडी रेघ मारून दिली. पंचेचाळीस वर्षं त्या दोन खोल्यांत राबलेल्या बाईचं नाव आमच्या घरात एकाच ठिकाणी नीट लिहिलेलं होतं, आणि ते आत्ता काट्यावर चढलं होतं. मी मोडीच्या ढिगाकडे पाहिलं. प्रत्येक काठावर ठिपके. वीस-पंचवीस बायका तिथं एकमेकींवर पडल्या होत्या.

"काय करू, ताई? तोडून टाकू?" दुकानदार म्हणाला. मोडीचं भांडं ढिगात टाकण्यापूर्वी तो ते हातोड्यानं चेपतो, म्हणजे जागा कमी लागते. त्यालाही माळा नसावा.

सूनबाईंनी पातेलं काट्यावरून उचललं. टॅक्सीत ते त्यांच्या मांडीवर होतं. त्यांचं मतपरिवर्तन झालं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या हॉर्लिक्सच्या अकरा बाटल्या काढून टाकल्या. टॅक्सीत मात्र त्यांनी एकदा विचारलं, "आई, तुमचं नाव कशावर आहे?" मी सांगितलं, स्टीलच्या सहा डब्यांवर. तेव्हा दुकानदार अक्षराला अमुक पैसे घ्यायचा, म्हणून आईनं आडनाव कोरलं नाही. "आणि माझं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या लग्नात सगळ्यांनी पाकिटं दिली होती. मी काही बोलले नाही.

काल सामान हलवणारे आले. चार पोरं आणि एक मुकादम. पोरं विजेसारखी. बघता बघता चाळीस खोकी बांधली, चौदा फुटी टेम्पो खाली उभा राहिला. मुकादम प्रत्येक नगाला नंबर घालून यादी करत होता आणि प्रत्येक वस्तूपुढं न चुकता एकच शेरा मारत होता, "पुराना, स्क्रॅच". नव्या मिक्सरपुढंही तेच. वाटेत काही मोडलं तर आधीच मोडलेलं होतं, असं म्हणायला बरं. हे खुर्चीत बसले होते. मुकादमाची नजर ह्यांच्याकडे वळली तशी मी म्हटलं, "ते यादीत नाहीत."

पातेलं शेवटी निघालं. मी त्यात लाटणं आणि गंगेचा गडू ठेवून वर चादर बांधली होती.

"माताजी, इसमें क्या है?"

"पातेलं. नाव आहे त्यावर. नाव लिही."

"नाम नहीं लिखते माताजी, सिर्फ आयटम लिखते हैं."

"लिही," मी म्हटलं. मागून सूनबाईंनीही म्हटलं, "लिखो भैया."

त्यानं लिहिलं. नग नंबर ४१, पतीला पीतल, पुराना, स्क्रॅच. आणि पुढं सासूबाईंचं नाव, दोन ठिकाणी चुकीचं. यादीची एक प्रत त्यानं ह्यांच्या हातात दिली. चिरंजीव म्हणाले, "दे इकडे, फोटो काढून ठेवतो." त्यांनी फोटो काढला. मग मी यादीची घडी घातली, तिसऱ्या तारेचा आकडा सरळ केला आणि मधोमध टोचून ती खाली चकतीपर्यंत सारली.